लोखंड तेच राहत नाही

उत्प्रेरकाची व्याख्या शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलेली असते. रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः बदलत नाही, तो उत्प्रेरक. दोन मार्कांचा हमखास प्रश्न. समजावून सांगताना शिक्षक लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं उदाहरण द्यायचे. तो दोन्हीकडच्या मंडळींची गाठ घालून देतो, लग्न लागतं, आणि हा जेवून पिशवी उचलून पुढच्या स्थळाकडे चालू लागतो. जसा आला तसाच!

व्याख्या सोयीची आहे, म्हणून टिकली. 'कॅटॅलिसिस' हा शब्द स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ साली काढला. त्याला नेमकेपणा दिला तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डने. याच कामाबद्दल त्याला १९०९ चं नोबेल मिळालं. ओस्टवाल्डचं म्हणणं मात्र जपून केलेलं होतं. उत्प्रेरक क्रियेचा वेग बदलतो आणि शेवटी तयार होणाऱ्या पदार्थांत तो सापडत नाही, एवढंच. मधल्या काळात त्याचं स्वतःचं काय होतं याबद्दल त्याने काही कबूल केलेलं नाही. शाळेच्या पुस्तकापर्यंत येता येता 'शेवटी सापडत नाही'चं 'बदलत नाही' झालं.

या दोन वाक्यांतला फरक ज्या धातूने दाखवून दिला, त्याची ही गोष्ट. धातू अगदी घरचा, लोखंड. आणि क्रिया म्हणजे कोळशापासून पेट्रोल आणि डिझेल करण्याची. जवळजवळ शंभर वर्षं शास्त्रज्ञ या भट्टीत लोखंड घालताहेत आणि दर वेळी बाहेर काहीतरी वेगळंच निघतं आहे.

गोष्टीची सुरुवात जर्मनीत. रूर नदीच्या खोऱ्यात कोळसा मुबलक, पण देशात खनिज तेल जवळजवळ नाही. रूरच्या काठावर म्युलहाइम नावाचं गाव आहे. तिथे खास कोळशाच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट काढायचं ठरलं आणि १९१४ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, ती इमारत उघडली. पहिला संचालक फ्रान्झ फिशर. त्याच्या हाताखाली पुढे बोहेमियातून आलेला हान्स ट्रॉप्श नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करू लागला. या जोडीचं नाव आज त्या प्रक्रियेला आहे, फिशर-ट्रॉप्श.

कल्पना साधी होती. तापलेल्या लालबुंद कोळशावरून पाण्याची वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायू मिळतात. त्यांच्या मिश्रणाला सिंथेसिस गॅस म्हणतात. कोळशातला कार्बन आता वायूच्या रूपात मोकळा झाला. या मोकळ्या कार्बनच्या साखळ्या ओवल्या आणि त्यांना हायड्रोजन चिकटवला, की झालं पेट्रोल. साखळी लांब झाली की डिझेल, आणखी लांब झाली की मेण. प्रश्न एवढाच की ओवणार कोण?

निकेल वापरून या दोन वायूंपासून मिथेन करता येतो हे फ्रान्सच्या साबातिए आणि सांदरांस यांनी १९०२ मध्येच दाखवलं होतं. पण मिथेन म्हणजे एकच मणी, साखळी नव्हे. फिशर आणि ट्रॉप्शने १९२२-२३ च्या सुमारास लोखंडाचा कीस घेतला, त्याला अल्कली चोळली आणि शंभराहून अधिक पट वातावरणीय दाबाखाली, चारशे अंशांच्या आसपास तापवून त्यावरून वायू सोडला. तेलकट द्रव मिळाला खरा, पण त्यात अल्कोहोल आणि तत्सम ऑक्सिजनवाली संयुगंच जास्त. त्यांनी त्याला 'सिंथॉल' नाव दिलं. मग दाब कमी करत गेले तसा ऑक्सिजन कमी होत गेला आणि खऱ्या तेलासारखं तेल मिळू लागलं. १९२६ मध्ये साध्या वातावरणीय दाबावर पेट्रोलियम तयार केल्याचं त्यांनी जाहीर केलं.

इथे लोखंडाचा पहिला त्रास सुरू झाला. साध्या दाबावर ते फार लवकर दम सोडायचं. कोबाल्ट मात्र कमी दाबावर व्यवस्थित आणि टिकून काम करायचं. त्यामुळे कारखाने उभे राहिले ते कोबाल्टवर. रूरकेमी कंपनीने परवाना घेतला आणि १९३६ पासून व्यापारी उत्पादन सुरू झालं. हे बघायला ट्रॉप्श नव्हता. तो १९२८ मध्ये म्युलहाइम सोडून प्रागला गेला, तिथून अमेरिकेत शिकागोला आणि १९३५ मध्ये आजारी होऊन जर्मनीला परतल्यावर एसेन शहरात वारला. वय फक्त सेहेचाळीस.

१९३६ हे साल नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी हिटलरच्या सरकारने चार वर्षांची योजना जाहीर केली. युद्धासाठी लागणारं इंधन आणि रबर देशातच तयार झालं पाहिजे हा तिचा गाभा. फिशर-ट्रॉप्शचे एकूण नऊ कारखाने जर्मनीत उभे राहिले. ऐन भरात ते सगळे मिळून वर्षाला सुमारे सहा लाख टन उत्पादन देत. (कोळशापासून थेट तेल करण्याची बर्गियसची दुसरी पद्धत याच्या कितीतरी पट जास्त देत होती, पण तो वेगळा विषय.)

आता अडचण बघा. देश स्वयंपूर्ण व्हावा म्हणून कारखाने काढले, आणि त्यांत लागणारा कोबाल्ट बाहेरून आणायचा! युद्ध लांबलं तशी कोबाल्टची ओढाताण वाढली. वापरलेला कोबाल्ट विरघळवून, धुऊन पुन्हा वापरत असत. तेव्हा सगळ्यांना परत आठवण झाली ती लोखंडाची. स्वस्त, हवं तेवढं, आणि घरचं.

फिशर आणि त्याचा सहकारी हेल्मुट पिख्लर यांनी १९३७ च्या सुमारास दाखवलं होतं की दाब पाच ते वीस वातावरणाएवढा ठेवला तर लोखंडही चांगलं आणि बरेच दिवस काम करतं. पण एक अट होती. लोखंड थेट कामाला जुंपून चालायचं नाही, त्याला आधी तयार करावं लागे. त्यांची एक कृती अशी होती की लोखंडावरून सव्वातीनशे अंशांच्या आसपास, अगदी कमी दाबाखाली कार्बन मोनॉक्साइड सोडायचा, मग तापमान उतरवून, दाब वाढवून खरं काम सुरू करायचं.

नवा बिडाचा तवा घरी आणला की पहिल्या दिवशी त्यावर घावन निघत नाही. तेल लावून तापवायचा, पुन्हा लावायचं, पुन्हा तापवायचा. आठवडाभराने तो काळाभोर होतो आणि मग घावन आपोआप सुटतं. घावन खरं तर लोखंडावर होतच नसतं, ते होतं त्या काळ्या थरावर. तवा विकत मिळतो, थर आपला आपण तयार करायचा. म्युलहाइमच्या प्रयोगशाळेत हेच चाललं होतं. फरक इतकाच की तव्यावरचा बदल वरवरचा असतो, इथे लोखंड आतपर्यंत बदलत होतं.

काय होत होतं? फिशरने १९२६ मध्येच एक तर्क मांडला होता. त्याचं म्हणणं असं की कार्बन मोनॉक्साइडमधला कार्बन आधी धातूत शिरतो, धातूचं कार्बाइड होतं, आणि मग हायड्रोजन त्या कार्बाइडमधून कार्बन ओढून घेऊन साखळ्या करतो. म्हणजे मध्यस्थ पिशवी उचलून जात नाही, प्रत्येक लग्नात काहीतरी खातो आणि काहीतरी देतो. १९३० च्या दशकात स्वीडनच्या गुन्नर हेग यांनी क्ष-किरणांनी लोखंडाच्या कार्बाइडांची रचना शोधायला सुरुवात केली. या भट्टीत जे कार्बाइड सर्वांत जास्त सापडतं, ज्यात लोखंडाचे पाच अणू आणि कार्बनचे दोन अशी वाटणी असते, ते आज हेग कार्बाइड म्हणूनच ओळखलं जातं.

आता या इतिहासातला एक भाग सांगतो, जो रसायनशास्त्राच्या पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकतात.

१९४३ च्या शरद ऋतूत जर्मन सरकारने ठरवलं की कोबाल्टऐवजी कुठलं लोखंड वापरायचं याचा एकदा निकाल लावू. सहा संस्थांनी आपापलं लोखंड पाठवलं. त्यांत म्युलहाइमची संस्था होती, रूरकेमी होती, आय. जी. फार्बेन होती. सगळ्यांची चाचणी एकाच ठिकाणी, सारख्या परिस्थितीत. ठिकाण श्वार्त्सहाइडे, नऊ कारखान्यांपैकी एक. तांत्रिक लेखांत या 'श्वार्त्सहाइडे चाचण्यां'चा उल्लेख नेहमी येतो.

त्याच श्वार्त्सहाइडेच्या कारखान्यात जुलै १९४४ मध्ये आउशवित्झहून एक हजार ज्यू कैदी कामाला आणले गेले. तिथे साक्सनहाउसेन छळछावणीची एक शाखा काढली होती. बॉम्बहल्ल्यांनी मोडलेला कारखाना साफ करणं, ढिगारे उपसणं ही त्यांची कामं. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना तिथून पायी हाकलत नेलं आणि त्या मोर्चात कितीतरी जण मेले. त्यांच्यातल्या आल्फ्रेड कांटोर या तरुणाने पुढे आठवणीतून काढलेली चित्रं पुस्तकरूपाने आली, म्हणून आपल्याला थोडंफार दिसतं तरी.

चाचण्या करणाऱ्यांचे तक्ते उत्तम आहेत. कुठल्या लोखंडाने किती ग्रॅम तेल दिलं, किती मेण, किती दिवसांनी दम सोडला, सगळं व्यवस्थित. त्या तक्त्यांचा उपयोग पुढे जगभर झाला. आणि ते वाचताना शाळेतली ती व्याख्या मला फार वेगळ्या तऱ्हेने ऐकू येते. 'मी फक्त क्रिया घडवून आणली, मला काही झालं नाही, मी जसा होतो तसाच आहे.' माणसाला आपल्या कामाबद्दल असं वाटून घ्यायला आवडतं. लोखंडाला ती सोय नाही.

त्या चाचण्यांमधलं लोखंड जर्मनीत कारखान्याच्या पातळीवर वापरलंच गेलं नाही. मे १९४४ पासून अमेरिकन विमानांनी कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर पद्धतशीर हल्ले सुरू केले आणि वर्षभरात सगळं संपलं.

युद्ध संपता संपता अमेरिका आणि ब्रिटनच्या तज्ज्ञांच्या तुकड्या जर्मन कारखान्यांत शिरल्या आणि मिळतील तेवढी कागदपत्रं गोळा करून घेऊन गेल्या. अमेरिकेने १९४४ मध्येच कृत्रिम इंधनाचा कायदा करून पैसा मंजूर केला होता. त्यांच्या ब्यूरो ऑफ माइन्सच्या प्रयोगशाळांत लोखंडाच्या या रूपांतरांचा खरा बारकाईने अभ्यास सुरू झाला. एक युक्ती छान होती. लोखंडाची कार्बाइडं चुंबकाला ओढली जातात, पण तापवत नेली की ठरावीक तापमानाला त्यांचं चुंबकत्व जातं. हेग कार्बाइडचं साधारण अडीचशे अंशांना, दुसऱ्याचं पावणेचारशेच्या पुढे. म्हणजे वापरलेली पूड तापवत जा आणि चुंबकाची ओढ कुठे कुठे ढिली पडते ते बघा, की आत काय काय आहे हे कळतं.

१९४८ साली पॉल एमेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिशरच्या तर्काची परीक्षा घेतली. अणुयुगाने किरणोत्सारी कार्बन हाताशी दिला होता. त्यांनी त्या कार्बनने लोखंडाचं कार्बाइड केलं आणि त्यावरून साधा सिंथेसिस गॅस सोडला. फिशर बरोबर असेल तर तयार झालेलं तेल चांगलंच किरणोत्सारी निघायला हवं. निघालं फारच थोडं. म्हणजे कार्बाइडच्या पोटातला कार्बन उचलून त्याचं तेल होत नाही, निदान मुख्यत्वे तरी नाही. मग कार्बाइड तिथे करतं काय? नुसतं आपलं होतं म्हणून होतं? हा प्रश्न तिथून पुढे चाळीस-पन्नास वर्षं भांडत बसायला पुरला.

इथे थोडं थांबून भट्टीत लोखंडाचा प्रवास कसा होतो ते क्रमाने सांगतो.

आत घालतात ते लोखंड नसतंच, ते असतं लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे साध्या भाषेत गंजाचाच भाऊ. तांबूस हेमॅटाइट किंवा काळं मॅग्नेटाइट. त्यावरून हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड सोडून त्यातला ऑक्सिजन काढतात. कुठे शुद्ध लोखंड मिळतं, कुठे अर्धवटच. मग सिंथेसिस गॅस आला की कार्बन मोनॉक्साइडमधले कार्बनचे अणू लोखंडात घुसायला लागतात आणि बघता बघता धातूचं कार्बाइड होतं. कुठलं कार्बाइड, हे तापमानावर आणि वायूच्या मिश्रणावर ठरतं. याचवेळी पृष्ठभागावर साखळ्या ओवल्या जाऊ लागतात.

पण कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बनबरोबर ऑक्सिजनही असतो. त्याला कुठेतरी जायलाच हवं. तो हायड्रोजनशी जुळून पाणी होतो. भट्टी गरम असल्याने वाफ. आणि लोखंड आणि पाण्याचं नातं आपल्याला माहीतच आहे. ही वाफ कार्बाइडला पुन्हा ऑक्साइड करायला लागते. काळं मॅग्नेटाइट परत डोकं वर काढतं. घराबाहेर ठेवलेली सायकल पावसाने गंजते, इथे लोखंड स्वतःच पाऊस पाडतं आणि स्वतःच त्यात भिजतं.

लांब नळीत भरलेला उत्प्रेरक घेतला तर वायू शिरतो त्या तोंडाशी पाणी कमी, म्हणून तिथे कार्बाइड टिकून राहतं. जसजसं पुढे जावं तसतसं वाफेचं प्रमाण वाढतं आणि शेवटच्या टोकाकडे ऑक्साइड वाढत जातं. एकाच नळीत, एकाच दिवशी घातलेली एकच पूड, पण या टोकाला एक पदार्थ आणि त्या टोकाला दुसरा.

हे मॅग्नेटाइट अगदीच निरुपयोगी नसतं. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांच्यापासून ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतं. कोळशापासून केलेल्या वायूत हायड्रोजन कमीच असतो, त्यामुळे ही भर उपयोगी पडते. कोबाल्टला हे फारसं जमत नाही. म्हणून कोळसा असेल तिथे लोखंडाला अजून मान आहे.

तुलनेसाठी दुसरी एक प्रसिद्ध भट्टी बघा, अमोनियाची, म्हणजे खताची. तिथेही लोखंडच. बीएएसएफ कंपनीच्या मिट्टाशने १९०९-१० मध्ये हजारो पदार्थ तपासताना स्वीडनच्या येलिव्हारे इथलं मॅग्नेटाइट अफलातून काम करतं हे शोधलं. तेही आधी ऑक्साइडच असतं, पण एकदा त्याचं लोखंड झालं की झालं. मग ते वर्षानुवर्षं लोखंड म्हणूनच काम करतं. शाळेतल्या व्याख्येला शोभेल असं. तोच धातू, थोडाफार तसाच खनिज दगड, तसाच पोटॅशियमचा चिमूटभर मसाला. फक्त सोबतीला नायट्रोजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड आला आणि स्वभावच पालटला. संगत म्हणतात ती ही :)

पुन्हा इतिहासाकडे. अमेरिकेत मिसूरी राज्यात लुइझियाना नावाच्या गावात आणि टेक्ससमध्ये ब्राउन्सव्हिलला लोखंडावर चालणारे कारखाने उभारले गेले. पहिला १९५३ मध्ये बंद झाला, दुसरा १९५७ मध्ये. मध्यपूर्वेतलं तेल इतकं स्वस्त झालं होतं की कृत्रिम पेट्रोल परवडेना. आपल्याकडेही बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ज्ञानचंद्र घोष यांनी या उत्प्रेरकांवर काम केलं होतं, पण त्यातून कारखाना काही उभा राहिला नाही. ही विद्या जगात एकाच ठिकाणी टिकली, दक्षिण आफ्रिकेत.

तिथे कोळसा भरपूर, तेल नाही. १९५० मध्ये सासोल कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये सासोलबर्ग इथे उत्पादन सुरू झालं. एकाच आवारात लोखंडाचे दोन अवतार. एका बाजूला जर्मन पद्धतीच्या पाच भट्ट्या. प्रत्येकीत बारा मीटर लांबीच्या, पाच सेंटीमीटर व्यासाच्या दोन हजारांवर नळ्या आणि त्यांत लोखंडाच्या द्रावणातून साका पाडून केलेले दाणे. त्यात लोखंड लवकर 'उघडावं' म्हणून थोडं तांबं, साखळ्या लांब व्हाव्यात म्हणून पोटॅशियम, आणि दाणा कोसळू नये म्हणून सिलिका. तापमान २२० ते २४० अंश, उत्पादन मुख्यतः मेण. दुसऱ्या बाजूला अमेरिकन पद्धत. पोलादाच्या कारखान्यात तापलेल्या पोलादावरून जे खपले पडतात ते पोटॅशियम वगैरे घालून वितळवायचे, कुटून पूड करायची आणि ती वायूच्या झोताबरोबर भट्टीत गरगर फिरवत ठेवायची. तापमान साडेतीनशेच्या आसपास, उत्पादन पेट्रोल.

गरम भट्टीत नवाच उपद्व्याप. कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंपासून कार्बन डायऑक्साइड आणि सुटा कार्बन, म्हणजे चक्क काजळी तयार होते, आणि ती दाण्याच्या आत साठते. दाणा फुगतो, हलका होतो, फुटतो, त्याची धूळ होते. मार्क ड्राय या रसायनशास्त्रज्ञाने सासोलमध्ये उभं आयुष्य या लोखंडावर काढलं. जुना उत्प्रेरक काढत राहायचा, नवा घालत राहायचा, हा कारखान्याचा नित्यक्रम. साखळ्या लांब करणारं पोटॅशियम वाढवावं तर काजळीही वाढते. एका बाजूला पाणी लोखंडाला गंजवणार, दुसऱ्या बाजूला कार्बन त्याला फोडणार. चांगला उत्प्रेरक म्हणजे या दोन मरणांच्या मधला लांबलेला काळ.

दक्षिण आफ्रिकेला ही विद्या टिकवावीशी वाटली यामागे कोळसा होता तसंच राजकारणही होतं. वर्णभेदामुळे तेलबंदी होणार ही धास्ती कायम होती. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, १९७९ च्या क्रांतीनंतर इराणचाही पुरवठा थांबला. सेकुंडा इथले दोन प्रचंड कारखाने १९८० आणि १९८२ मध्ये सुरू झाले. जून १९८० मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने सासोलच्या टाक्यांवर स्फोट घडवले. काळ्या धुराचे लोट सगळ्या देशाला दिसले. वर्णभेदी राजवटीचा श्वास कशावर चालतो हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

म्हणजे बघा, या लोखंडाला मोठी कामं मिळाली ती दोन्ही वेळा वेढा पडलेल्या, किंवा पडेल या भीतीत असलेल्या राजवटींकडून. ज्याला बाजारातून तेल मिळतं तो या भानगडीत पडत नाही.

तो जुना प्रश्न अजून शिल्लक होता. काम नक्की करतं कोण, लोखंड, कार्बाइड की ऑक्साइड? उत्तर अवघड असण्याचं एक कारण मजेशीर आहे. भट्टीतून काढलेलं कार्बाइड हवेत आणलं की ऑक्सिजन धरतं, प्रसंगी पेटही घेतं. म्हणजे बघायला बाहेर काढलं की ते बदललंच! तुम्ही तपासता ती वस्तू भट्टीत होतीच असं सांगता येत नाही.

यातून वाट निघाली ती १९५८ मध्ये रुडॉल्फ म्योसबाउअर या तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने शोधलेल्या एका परिणामामुळे. (१९६१ चं नोबेल.) गॅमा किरण वापरून लोखंडाच्या अणूच्या केंद्राला विचारता येतं की बाबा, तुझ्या शेजारी कोण आहे? कार्बन, ऑक्सिजन की लोखंडच? १९८० मध्ये नीमांट्सव्हेरड्रीट आणि इतर डच शास्त्रज्ञांनी शुद्ध लोखंडापासून सुरुवात करून तासातासाला हा हिशेब ठेवला. दिसलं असं की सुरुवातीला लोखंड असतं तेव्हा तेल जवळजवळ होत नाही. जसजसं त्याचं कार्बाइड होत जातं तसतसं काम वाढत जातं. त्यांनी कारणमीमांसा मात्र जपून केली. कार्बाइडच काम करतं असंही असेल, किंवा लोखंडाची कार्बनची भूक आधी भागावी लागते आणि तोवर साखळ्यांच्या वाट्याला कार्बन उरत नाही, असंही असेल.

१९९५ च्या सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने आणखी एक गोष्ट दाखवली. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या या अभ्यासात अभय दात्ये हे नाव वाचून मी थबकलोच. त्यांच्या गटाने हवा लागू न देता दाणे बघितले. तांबूस हेमॅटाइटचं आधी मॅग्नेटाइट होतं, तोवर कामाला फारसा जोर नसतो. मग मॅग्नेटाइटच्या मोठ्या स्फटिकाचे तुकडे पडून कार्बाइडचे अगदी बारीक स्फटिक तयार होतात, आणि काम वेग घेतं. घडी मोडते तेव्हाच कामाला सुरुवात होते.

आज बहुतेक जाणकारांचा कल कार्बाइडकडे आहे. साखळ्या ओवल्या जातात त्या पृष्ठभागावर नुकत्याच उतरलेल्या कार्बनच्या आणि खाली कार्बाइडची बैठक लागते. म्हणजे फिशरने बोट बरोबर जागी ठेवलं होतं, एमेटने दाखवलेली त्रुटीही खरी होती.

सध्या या लोखंडाचं एक मोठं घर चीनमध्ये आहे. निंगशिया प्रांतात वर्षाला चाळीस लाख टनांचा कारखाना २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. सगळ्या जर्मनीने ऐन युद्धात या पद्धतीने जेवढं काढलं त्याच्या सहापट जास्त, एका ठिकाणी. पण आता हिशेबात नवा रकाना आला आहे, धुराड्याचा. सेकुंडा हे जगात एकाच जागी सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या ठिकाणांपैकी गणलं जातं. त्यातला मोठा वाटा कोळशाचा वायू करतानाचा, पण भट्टीतलं लोखंडही आपली भर घालतंच. २०१८ मध्ये चीन आणि नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ शुद्ध 'एप्सिलॉन' कार्बाइड बनवून दाखवलं. त्यात ऑक्साइड शिल्लक नसल्याने भट्टीत कार्बन डायऑक्साइड फारच कमी होतो. कोळशाच्या वायूला हायड्रोजनची भर कुठेतरी घालावीच लागते, ती भट्टीबाहेर वेगळी आणि नीट घालावी असा त्यांचा विचार. म्हणजे लोखंड काय बनतं यावर आता नुसतं पेट्रोल अवलंबून नाही, हवाही आहे.

एवढं सगळं वाचल्यावर मला वाटतं, भट्टीत आपण उत्प्रेरक घालतच नाही. आपण घालतो तो उत्प्रेरकाचा कच्चा माल. उत्प्रेरक तिथे आत, काम करता करता तयार होतो, काम करता करताच झिजतो, आणि त्याच्या शेवटाला जे पाणी आणि जी काजळी कारणीभूत होते तीही त्याच्याच हातची असते. बदलला नाही तर तो उपयोगाचा नाही, आणि बदलायचं थांबत नाही म्हणून तो टिकत नाही.

ओस्टवाल्डचं वाक्य अजूनही खरं आहे. तयार पेट्रोलच्या बाटलीत लोखंड सापडत नाही. श्वार्त्सहाइडेच्या तक्त्यांत ते हजार जणही सापडत नाहीत. शेवटच्या हिशेबात न दिसणं आणि काहीच न घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मुलांना त्या दोन मार्कांच्या उत्तराबरोबर सांगायला हरकत नसावी.